नंदूची रेकॉर्ड

अवरेकाईचा, आमच्याकडच्या पावट्याचा, मोसम सुरू झाला की माझ्या पोटात दुखायला लागतं. शेंगा खाऊन नव्हे, त्यांच्या नुसत्या वासानं. डिसेंबरातल्या धुक्याच्या सकाळी मल्लेश्वरमच्या बाजारात मागडीकडून आलेल्या शेंगांचे हिरवे ढीग पडतात. विकणारी बाई त्यातली एक मोडून माझ्या नाकाशी धरते आणि म्हणते, "सोगडु नोडी, अक्का." वास तर बघा! तो वास तुपकट असतो, हिरवट, थोडासा उग्र. एकदा बोटांना लागला की साबणानंही जात नाही. इतरांना त्या वासासरशी सांबार आठवत असेल, तांदळाची गरम अक्की रोट्टी आठवत असेल. मला आठवते माझी चुलत बहीण नंदा, तिच्या मांडीवरचं रेकॉर्डचं मोठं चौकोनी कव्हर, आणि तिच्याशी हसून बोलणारे माझे वडील.

हेवा हा फार सभ्य शब्द आहे. चारचौघांत 'तुझा हेवा वाटतो हो' असं म्हणून आपण समोरच्याचं कौतुकही करू शकतो. मत्सर पोथीतला. नंदू आमच्याकडे राहिली त्या थंडीत मला जे होत होतं त्याला आमच्या आईनं बरोबर नाव दिलं होतं. एका संध्याकाळी मी ताटावरून अर्धवट उठले तेव्हा तिनं माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "शारू, पोटात दुखतंय का गं?" विचारताना तिचा चेहरा इतका साळसूद होता की मी "हो" म्हणून बसले. मग तिनं मला ओवा दिला. त्या दुखण्यावर ओवा चालत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

यंदा बाजारातून शेंगांची पिशवी घेऊन घरी आले आणि फोन वाजला. नंदूच होती. तिच्या मुलाला इथं नोकरी लागली आहे, मारतहळ्ळीला त्यानं घर घेतलं आहे, ते लावून द्यायला ती पुण्याहून आली आहे. "रविवारी मोठेकाकांना भेटायला येतेय गं. घरीच आहात ना सगळे?" मी म्हटलं, ये की. वडिलांना, म्हणजे अप्पांना, सांगितलं. अप्पा आता ऐंशीच्या पुढचे, दोन्ही कानांत यंत्रं. एरवी दोनदा सांगावं लागतं. 'नंदू' मात्र त्यांना पहिल्याच खेपेला ऐकू आलं. खुर्चीतून उठले, काठी न घेता स्पीकरपाशी गेले आणि रुमालानं त्याच्यावरची धूळ पुसू लागले.

आणि मी, पन्नाशी ओलांडलेल्या, सून येऊ घातलेल्या बाईनं, स्वयंपाकघरात जाऊन शेंगांची पिशवी ओट्यावर आदळली.

आमचं घराणं बंगळूरचंच. पूर्वज कधी, कुणाच्या फौजेबरोबर इथं आले ते आता कुणालाच नीट सांगता येत नाही. पुण्याचे पाहुणे आमची मराठी ऐकून हसतात, कारण आम्ही 'थोडं'ला स्वल्प म्हणतो आणि 'बरं'ला सरी. असल्या घरात संध्याकाळी देवापाशी दिवा लागायचा, आई स्तोत्र म्हणायची, आणि त्याच वेळी पुढच्या खोलीतून विलायती गिटारचं किंचाळणं यायचं. शेजारीपाजारी विचारायचे तेव्हा आई म्हणायची, "आमचे हे स्वल्प वेगळे आहेत." तिच्या सुरात तक्रार असायची, आणि त्या तक्रारीच्या तळाशी थोडा अभिमानही.

अप्पा सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर वाकून बारीक रेघा मारायच्या आणि कारखान्याच्या बसनं परत यायचं. तरुणपणी त्यांचा तिथलाच एक अँग्लो-इंडियन मित्र होता. सुटीच्या दिवशी हे दोघं इथल्याच शिवाजीनगरातल्या जुन्या सामानाच्या दुकानांतून हिंडायचे. कॅन्टोन्मेंटातली कितीतरी कुटुंबं तेव्हा देश सोडून चालली होती, आणि जाताना पलंग, पियानो, चिनी मातीची भांडी, रेकॉर्डी असं सगळं तिथं विकून जात होती. त्या ढिगांतून अप्पांनी सत्तरच्या दशकातलं सगळं रॉक संगीत एक एक करून घरी आणलं. पुढे मित्रही ऑस्ट्रेलियाला निघून गेला. अप्पांकडे रेकॉर्डी राहिल्या, आणि ज्याच्याबरोबर त्या ऐकाव्यात असं माणूस राहिलं नाही.

म्हणून ते एकटेच ऐकायचे. बसमधून उतरले, हातपाय धुतले, कॉफी झाली की पुढच्या खोलीत जायचे आणि दार नुसतं लोटून घ्यायचे. कडी कधी लावत नसत. पण लोटलेलं दारसुद्धा पोरांना बरोबर कळतं. मी लहानपणी फटीतून बघायची. अप्पा डोळे मिटून बसलेले असायचे, उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर नाचत असायची. जेवताना शब्द मोजून बोलणारा हा माणूस तिथं कुणाशी तरी भरभरून बोलतोय असं वाटायचं. कुणाशी, ते दिसत नव्हतं. मी एकुलती एक मुलगी. त्या खोलीतली ती न दिसणारी जागा आपली आहे, मोठी झाले की अप्पा हाक मारतील आणि तिथं बसवतील, अशी माझी समजूत होती. वाट बघता बघता मी कॉलेजात गेले. तोवर कुणी विचारलं तर मी सांगू लागले होते, "शी, नुसता गोंगाट असतो तो." न मिळणाऱ्या गोष्टीबद्दल माणूस जे बोलतो, तेच.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात मिरजेला माझे काका, नंदूचे वडील, गेले. रेल्वेत होते. सकाळी ड्यूटीवर गेले ते परत आलेच नाहीत, हृदय बंद पडलं. काकू माहेरी भावाकडे गेली. नंदू माझ्याच वयाची, तिचं कॉलेज अर्ध्यावर सुटलेलं. थंडीच्या तोंडावर अप्पा जाऊन तिला आमच्याकडे घेऊन आले. "चार महिने राहू दे. जागा बदलली की जरा बरं वाटेल," ते आईला म्हणाले.

नंदू आली ती एक पत्र्याची ट्रंक आणि काळीकुट्ट वेणी घेऊन. बोलायची नाही, जेवायची नाही. पानातला भात बोटांनी चिवडत राहायची. आई तिला जवळ घेऊन अवरेकाई सोलायला बसवायची. शेंगांतून दाणे काढायचे, रात्रभर भिजवायचे, सकाळी प्रत्येक दाणा चिमटीत दाबला की पांढरट डाळ सालातून टुणकन बाहेर उडते. कुणालाही दोन घटका हसू यावं असं ते काम. नंदूला तेही आलं नाही. मला तिची कणव यायची, अगदी मनापासून. रात्री ती उशीत तोंड खुपसून रडायची तेव्हा मी तिच्या पाठीवरून हात फिरवायची. हे सांगते, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल की मी पहिल्यापासूनच तिच्यावर डूख धरून होते.

एका संध्याकाळी अप्पा नेहमीसारखे खोलीत गेले, दार लोटलं, गाणं सुरू झालं. नंदू उठली. माझ्या देखत तिनं ते दार ढकललं आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. अप्पांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं. मग ते सरकले आणि आपल्या शेजारची जागा हातानं झटकून म्हणाले, "ये. इथं बस. तिथं गार लागेल."

इतकंच. इतकं सोपं होतं ते!

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्या खोलीतून दोन आवाज यायला लागले. "हे ऐक. गाणारा थांबला, आता गिटार बोलणार. बघ, बोलली. आता तो तिला उत्तर देईल." नंदू विचारायची, "काका, हा ड्रम मधेच का थांबला?" आणि अप्पा हसायचे. "थांबला नाही. दम धरलाय त्यानं. आता येतो बघ कसा." मी बाहेर पुस्तक उघडून बसलेली असायची. अप्पांचा हसण्याचा आवाज कसा आहे ते मला त्या थंडीत कळलं, आणि तो दुसऱ्या कुणासाठी होता. मी त्यांची मुलगी. माझं नाक त्यांचं, माझं अक्षर त्यांचं, रेघ मारताना जीभ बाहेर काढायची खोडसुद्धा त्यांचीच. तरी 'नंदू, दुसरी बाजू लावतो, ये गं' ही हाक त्या घरात माझ्या अंगावरून जायची.

मलाही उठून जाता आलं असतं, असं आज कुणी म्हणेल. पण मत्सर झालेल्या माणसाचे पाय फार जड असतात. तिच्या मागोमाग जाऊन बसायचं म्हणजे तिच्या नंतर येऊन बसायचं. त्यापेक्षा मी बाहेरच बरी.

मी दुसरा मार्ग काढला. माझं कॉलेज सकाळचं. दुपारी आई नंदूला घेऊन भजनीमंडळात जायची. घर रिकामं. मी पुढच्या खोलीत जायची, रेकॉर्ड प्लेअरवरचं कापड उचलायची, आदल्या संध्याकाळी जी रेकॉर्ड वाजली असेल तीच लावायची. शत्रूची भाषा शिकावी तशी मी ती गाणी शिकले. कोणत्या गाण्यामागून कोणतं येतं, दोन्हींच्या मधे किती शांतता असते, सुई कुठं खरखरते, हे सगळं पाठ केलं. शब्द निम्मे कळायचे नाहीत. तेही कानानं पाठ केले, संस्कृत न येता स्तोत्र पाठ करतात तसे. एक दिवस मी अप्पांसमोर सहज काहीतरी बोलेन आणि ते चमकून माझ्याकडे बघतील, असं चित्र मनाशी होतं.

पण मधेच काहीतरी झालं. एक गाणं होतं, फार संथ सुरू होणारं. एकच गिटार, जिना चढताना मधे मधे थांबणाऱ्या माणसासारखी. मग गाणारा येतो, तोही दबकत. कितीतरी वेळ काहीच होत नाही. आणि मग, आता हे असंच संपणार असं वाटत असताना, सगळी वाद्यं एकदम अंगावर येतात आणि तो माणूस असा ओरडतो की त्याचा गळा फाटेल. कुणाला ओरडत होता, कशासाठी, मला माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं की माझ्या आत गेले कित्येक दिवस जे चाललंय त्याचा आवाज हा असा आहे. आमच्या घरात कुणी ओरडत नसे. भांडणसुद्धा कुजबुजत व्हायचं. आणि इथं एक परका, केसाळ, सातासमुद्रापलीकडचा मनुष्य माझ्या वतीनं छाती फोडून ओरडत होता. मी सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली. मग पुन्हा. त्या दुपारपासून मी शत्रूची भाषा शिकत नव्हते. मी ऐकत होते.

म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

पेपरात बातमी आली. सत्तरच्या दशकात जगभर गाजलेला एक विलायती बँड, आता म्हातारा झालेला, बंगळूरला येणार होता. पॅलेसच्या मैदानात कार्यक्रम. अप्पांकडे त्यांच्या रेकॉर्डींची चळतच होती, आणि माझं ते संथ गाणंही त्यांचंच. एका संध्याकाळी अप्पा बसमधून उतरून आले, कॉफी न घेता शर्टाच्या खिशातून दोन तिकिटं काढली आणि हाक मारली, "नंदू, बघ काय आणलंय!"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आणि शारू?"

"तिला कुठं आवडतं हे," अप्पा सहज म्हणाले. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. भाजीत कारलं तिला चालत नाही, अशा सुरात म्हणाले.

मी म्हटलं, "हो ना. कोण जाणार त्या गर्दीत." आणि अभ्यासाला बसले.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी ते दोघं स्कूटरवरून गेले. नंदूनं माझा लाल स्वेटर घातला होता, मीच दिला होता. आई आणि मी पाट मांडून दाणे सोलत बसलो. ऊन कलायला लागलं तेव्हा वाळलेले कपडे काढायला मी गच्चीवर गेले. थंडीत बंगळूरला पूर्वेचा वारा असतो, आणि पॅलेसचं मैदान आमच्या पूर्वेला. पहिल्यांदा नुसती धडधड ऐकू आली, लांब कुठंतरी जातं फिरावं तशी. मग वारा वळला आणि गाणं आलं.

अर्धंमुर्धं यायचं. गाणाऱ्याचा आवाज मधेच विरायचा, नुसता ठेका उरायचा, मग एकदम गिटारचा तुकडा नारळाच्या झावळ्यांवरून सरळ माझ्यापर्यंत. पण मला तेवढं पुरत होतं. वाऱ्यानं जे खाल्लं ते मी मनातून भरत होते. मैदानात हजारो लोक होते, अप्पा होते, माझा स्वेटर घातलेली नंदू होती. आणि गच्चीवर कडक वाळलेल्या चादरी कवटाळून मी उभी होते आणि प्रत्येक गाणं पहिल्या ठोक्याला ओळखत होते. माझं गाणं लागलं तेव्हा वारा पडला. संथ भाग मला ऐकूच आला नाही. मी अंदाजानं मनात म्हणत राहिले, आणि ते ओरडणं जिथं यायला हवं होतं नेमकं तिथंच आलं, पुसट, पण आलं. माझा हिशेब अर्ध्या मात्रेनंही चुकला नव्हता. इतका आनंद आणि इतका जळफळाट एकाच क्षणी मला त्याआधी कधी झाला नव्हता, नंतरही नाही.

दोघं परत आले ते घसे बसवून. अप्पांचे डोळे चमकत होते. ते आईला सांगत होते, नंदूला 'हो ना गं?' विचारत होते. मी पाणी दिलं आणि म्हटलं, "गच्चीवर ऐकू येत होतं."

"अरे देवा," अप्पा कळवळून म्हणाले. "इथपर्यंत? मग तुझा अभ्यास बुडाला असेल सगळा."

होळी झाल्यावर नंदू तिच्या आईकडे परत गेली. आली तेव्हापेक्षा भरली होती, हसत होती, जाताना माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. तिची गाडी हलली आणि मला वाटलं, आता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पा घरी यायच्या वेळी मी स्वतः पुढच्या खोलीत गेले, ते संथ गाणं असलेली रेकॉर्ड लावली आणि दार सताड उघडं ठेवून अप्पांच्या शेजारच्या जागेवर बसले. अप्पा आले. दारात थांबले. ऐकत राहिले. त्यांचा चेहरा मऊ झाला.

"नंदूची रेकॉर्ड," ते म्हणाले. "चुकल्या-चुकल्यासारखं वाटतंय ना गं तुलाही?"

मी "हो" म्हटलं, सुई उचलली आणि बाहेर आले.

त्यानंतर वर्षं गेली, कितीतरी. माझं लग्न दोन गल्ल्या पलीकडेच झालं. मी शाळेत गणित शिकवलं, मुलगा वाढवला. आई गेल्यावर आम्ही दोघं नवरा-बायको अप्पांकडेच राहायला आलो. रेकॉर्ड प्लेअर बिघडला तेव्हा माझ्या मुलानं आजोबांना फोनवरून स्पीकरला गाणी जोडून दिली. अप्पांचं पथ्यपाणी मी बघते, कानांची यंत्रं मी साफ करते, दवाखान्यात मी नेते. आणि एखादं जुनं गाणं लागलं की अप्पा मान हलवून म्हणतात, "नंदूला हे फार आवडायचं." पुण्यात बसलेल्या नंदूला ते दर पाडव्याला फोन करतात. पोटदुखी जुनी झाली की तिची सवय होते म्हणतात. होत नाही.

रविवारी नंदू आली. आता चांगली गुबगुबीत, केस बॉयकट, हातात चितळ्यांसारख्या दिसणाऱ्या पण मुलानं ऑनलाइन मागवलेल्या बाकरवड्या. आत पाऊल टाकताच मोठ्यानं, "मोठेकाका!" अप्पांनी तिचे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात. मग अर्थातच गाणी लागली. कानांत यंत्रं असल्यामुळे अप्पा आवाज फार मोठा ठेवतात. नंदू त्यांच्या शेजारी बसली, मान डोलावत राहिली. मी स्वयंपाकघरात येऊन डाळीला फोडणी घातली. ती जरा जास्तच तडतडली.

थोड्या वेळानं नंदू आत आली, दार लावून घेतलं आणि ओट्याला टेकून दोन्ही हातांनी डोकं दाबलं.

"शारू, एक गोळी असेल का गं? बाई गं, अजून तीच गाणी! काकांना कसं सांगणार, पण मला हे जन्मात सहन झालं नाही."

मी झारा खाली ठेवला. "काय सहन झालं नाही?"

"हे. ही आरडाओरड. तेव्हासुद्धा माझं डोकं उठायचं."

"तू तर रोज बसायचीस. मैदानातही गेलीस."

"मग काय करणार?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "बाबा नुकतेच गेले होते. तुमच्या घरात सगळे माझ्याशी इतकं जपून बोलायचे. आजाऱ्याशी बोलतात तसं. काका तर आधी बोलायचेच नाहीत. पण ते बसायचे ना, तसेच डोळे मिटून बाबा बसायचे, रेडिओपाशी. अगदी तसेच. पाठमोरे तर हुबेहूब. मी त्यांच्या शेजारी बसायला जायचे गं. गाणी काय, भांडी वाजवली असती तरी बसले असते." मग नाक ओढून हसली. "आणि तुझा किती राग यायचा मला! तू आपली बाहेर निवांत पुस्तक वाचत. तुला शेजारी जाऊन बसायची गरजच नव्हती. तुझे बाबा घरातच होते."

मी तिला गोळी दिली. दुसरं काय देणार?

तिला टॅक्सीत बसवून दिलं तोवर ऊन उतरलं होतं. खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा कणव आली नाही. पहिल्यांदा आला तो विजय. तिला ती गाणी कधीच आवडली नव्हती! इतक्या वर्षांचं 'नंदूला फार आवडायचं' एका झटक्यात खोटं. मी तशीच अप्पांच्या खोलीत गेले, स्पीकरचा आवाज कमी केला आणि त्यांच्या कानाशी म्हटलं, "अप्पा, नंदूला ही गाणी आवडत नाहीत. कधीच नाही आवडली. तिनंच सांगितलं."

अप्पांनी शांतपणे माझ्याकडे बघितलं. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तेव्हाच कळलं होतं. ती गाण्याकडे बघायचीच नाही. माझ्याकडे बघायची. पण गाणी ऐकून उठली की ती जेवायची. तुझ्या आईनं ते पहिल्यांदा ओळखलं. म्हणाली, रोज लावा. मग मी बोलायला लागलो. मला कुठं बोलता येतं? पण नुसतं गप्प बसून कसं चालेल. ते पोर काहीतरी विचारायचं, मी काहीतरी सांगायचो."

"आणि मैदानात?"

"तिच्या बापानं तिला सर्कस दाखवायचं कबूल केलं होतं. सांगलीला आली होती त्या वर्षी. राहून गेलं. म्हटलं, कुठंतरी न्यावं."

मी खाली, त्यांच्या पायाशी बसले होते. इतकी वर्षं जो प्रश्न पोटात दुखत होता तो फार लहान निघाला. "मग तीन तिकिटं का नाही आणलीत, अप्पा?"

अप्पांनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून, जुन्या नकाशातली चूक शोधावी तसा. त्यांना गोड काहीतरी बोलून सुटता आलं असतं.

"सुचलं नाही गं," ते म्हणाले.

बाहेर कुणीतरी नारळाच्या झावळ्या ओढत नेत होतं. मग माझं तोंड आपोआप सुरू झालं. त्या बँडच्या पहिल्या रेकॉर्डची पहिली बाजू, एकामागून एक गाणी, ओळीनं. मग दुसरी बाजू. कुठल्या गाण्याच्या मधे सुई खरखरायची तेही. अप्पा वाकून माझ्या ओठांकडे बघत होते. एका जागी मी चुकतेय का म्हणून थांबले, तर त्यांनी मान हलवली: बरोबर आहे, पुढं.

"कधी ऐकलीस तू?"

"दुपारी. तुम्ही कारखान्यात असताना."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

दोघांचीही उत्तरं बरोबर होती आणि त्यांचा आता काही उपयोग नव्हता. अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, केस थोडे विस्कटले, जसे मी दुसरीत असताना विस्कटायचे. मग म्हणाले, "सरी. आवाज वाढव स्वल्प."

त्याच्या पुढच्या रविवारी मी त्यांना घेऊन गेले. कॅन्टोन्मेंटाकडे एक जागा आहे, तिथं दुपारच्या जेवणाबरोबर कॉलेजातली मुलं सत्तरच्या दशकातली गाणी वाजवतात. "नंदूला सांगायचं का?" अप्पांनी निघताना विचारलं. मी "बेडा" म्हणून टाकलं. 'नको'पेक्षा कन्नडमधला तो शब्द जास्त ठाम वाटतो.

अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आम्हाला अगदी पुढचं टेबल मिळालं. मुलं चांगली वाजवत होती, गाणारा थोडा घाईत होता. अप्पा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "दम धरायला हवा होता त्यानं." मी म्हटलं, "हो, अजून एक आवर्तन." ते खूश झाले. त्यांची बोटं टेबलावर नाचायला लागली. माझीही. कुणी आमच्याकडे बघत असतं तर त्याला एकाच माणसाचे चार हात आहेत असं वाटलं असतं.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची एक मुलगी वळली. सुटीचा दिवस म्हणून आलेली, नोकरी करणारी असावी, कानात मोठाले डूल, दिसायला गोड. "अंकल, तुम्हाला सगळी गाणी येतात?" तिनं हिंदीत विचारलं. "हे कोणतं हो?"

अप्पा तिच्याकडे पूर्ण वळले. चेहरा उजळला. "हे ना? इधर सुनो," त्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सुरुवात केली. "गानेवाला रुक गया, अब गिटार बोलेगा." ती खुर्ची सरकवून आणखी जवळ आली, हनुवटी तळहातावर टेकली. अप्पा हसले.

पोटात कळ आली. तीच, ओळखीची, जराही म्हातारी न झालेली.

मी उठले, माझी खुर्ची उचलली आणि त्या दोघांच्या मधोमध नेऊन ठेवली.